टाकी ६२ टक्के, सुप्रभात

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाचा पहिला मेसेज पडतो. त्यात गुलाबाचं फूल नसतं, दत्तगुरूंचा फोटो नसतो, सुविचार तर नसतोच. 'वरची टाकी ६२ टक्के. खालची टाकी ४० टक्के. सुप्रभात.' पाठवणाऱ्याचं नाव बघावं लागत नाही.

मीरा रोड पूर्वेला, शांती नगरात, आमची चार मजली बिनलिफ्टची बिल्डिंग. खाली दुकानं, वर ग्रिलमध्ये वाळणारे कपडे आणि त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेली कबुतरं. जिन्यातल्या भिंतींना शेवटचा रंग कधी लागला यावर दोन मतप्रवाह आहेत. अशा या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर, बरोब्बर आमच्या दारासमोर, एकविसावं शतक राहतं. त्याला सगळे ॲपकाका म्हणतात. त्यांचं खरं आडनाव टपालपेटीवर आहे, पण इस्त्रीवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत कोणी ते वापरत नाही. काकू 'अहो' म्हणतात, आणि घरातला स्पीकर काहीच म्हणत नाही, नुसता निळा होतो.

ॲपकाका पश्चिम रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. बुशशर्टच्या खिशात इतर माणसं पेन ठेवतात, हे टेस्टर ठेवतात. बोलता बोलता तो काढून तुमच्या फ्रिजला, कुलरला, पंख्याच्या रेग्युलेटरला लावून बघतात. दिवा लागला की 'लीकेज आहे' म्हणतात, नाही लागला की निराश होतात. सिग्नल खात्यानं त्यांना एक वाक्य दिलं, तेच ते अजून वापरतात. रेल्वेत म्हणे नियम असा की तार तुटो, वीज जावो, यंत्र मरो, सिग्नल धोक्याच्या बाजूलाच पडला पाहिजे. गाडी थांबेल, माणसं शिव्या घालतील, पण जिवंत राहून घालतील. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर गेले की काका दुकानदाराला किंमत नंतर विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ही वस्तू बिघडली तर कुठल्या बाजूला बिघडते?"

दुकानदार म्हणतो, "अंकल, एक साल की वॉरंटी है."

काका ज्याला 'कनेक्टेड घर' म्हणतात त्याची सुरुवात, त्यांच्याच हिशेबानं, इंटरनेटच्या आधी झाली. मोबाइलला इनकमिंगचेही पैसे पडायचे त्या काळातली गोष्ट. चर्चगेटहून येणारी विरार लोकल दहिसर सोडून निघाली की काका घरी मिस्ड कॉल द्यायचे. एक म्हणजे चहा टाक. दोन म्हणजे गाडी मध्येच उभी आहे, टाकू नकोस. तीन म्हणजे सोबत कोणीतरी आहे, पोहे भिजव. दहिसरनंतर मीरा रोडच, तिथून पायी दहा मिनिटं. दार उघडलं की कप हातात. "दुरून आज्ञा, जागेवर कृती, खर्च शून्य. यालाच आता स्मार्ट होम म्हणतात," असं काका सांगतात.

"गॅस मीच पेटवत होते," आतून काकू.

चहाच्या वेळी काका इतिहासात शिरतात आणि मग रविवार संपतो. त्यांचा आवडता प्रसंग अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. १९८२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या पोरांनी कोकच्या मशीनला तार जोडली. का? तर मशीन लांब, तिथवर चालत जावं आणि बाटल्याच संपलेल्या असाव्यात, किंवा असल्या तरी कोमट असाव्यात, हे त्यांना सहन होईना. म्हणून जागेवर बसूनच कळायची सोय केली: बाटली आहे का, आणि थंड झाली का. पुढे केंब्रिजवाल्यांनी १९९१ला कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला. कारण तेच, दुसऱ्या खोलीपर्यंत जाऊन भांडं रिकामं सापडण्याचं दुःख. १९९३ला ते चित्र वेबवर गेलं आणि २००१मध्ये कॅमेरा बंद होईपर्यंत जगभरातली माणसं एका परक्या खोलीतलं भांडं बघत होती. कॉफीच्या भांड्याच्या आधी जॉन रोम्की नावाच्या गृहस्थांनी १९९०च्या एका प्रदर्शनात टोस्टर इंटरनेटला जोडून दाखवला. हुकूम दिला की टोस्टर चालू. पाव मात्र हातानं घालावा लागायचा! मग पुढल्या वर्षी पाव घालायला एक छोटी क्रेन बसवली.

काकू शेंगा सोलत ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे पुरुषांना उठायला लागू नये म्हणून झालं होय हे सगळं?"

काका क्षणभर थांबले. विचार करून म्हणाले, "मुळात, हो." आणि मग, हरल्यासारखं दिसू नये म्हणून, केव्हिन ॲश्टनचं उदाहरण काढलं. हा माणूस प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत लिपस्टिक विकायच्या खात्यात होता. एक विशिष्ट तपकिरी छटा दुकानाच्या फळीवर कधी सापडेचना, आणि फळीवर माल नाही हे कंपनीला कळायचा मार्ग नाही. त्यातून वस्तूंनाच चिप लावायच्या नादाला तो लागला आणि १९९९ साली आपल्या भाषणाला त्यानं 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' असं नाव दिलं. तेच पुढे जगभर झालं. काकूंना लिपस्टिकची गोष्ट पटली. "हे बायकांच्या उपयोगाचं होतं," म्हणाल्या.

भाषेचा प्रश्न वेगळाच. अलेक्सा भारतात २०१७मध्ये आली ती इंग्रजी बोलत, २०१९ला हिंदी शिकली. काकांनी तिला आणलं तेव्हा ते तिच्याशी खास मुंबई-मराठी हिंदीत बोलत: "अलेक्सा, वो बेडरूम का पंखा जरा कमी कर ना." ती माफी मागायची. काकूंनी तिचं पहिल्याच दिवशी 'अलका' केलं. "अगं अलका, जरा अभंग लाव." अलका गप्प. "आमच्या घरात राहायचं, आमची वीज खायची आणि मराठी यायला नको!" हे वाक्य त्या जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, आणि मीरा रोडला हा विषय जिन्यात पोचला की लगेच माणसं जमतात. काकांनी घाईघाईनं दार लावलं आणि दुसऱ्या दिवशी गुगलचा स्पीकर आणला. गुगलला २०१८पासून मराठी येतं अशी त्यांची माहिती होती. ते फोनातल्या गुगलला येत होतं. स्पीकरातल्या गुगलनं काकांना पुन्हा हिंदीवरच आणलं. आता दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी बसतात आणि काकू दोघांवर ताटांसाठी विणलेले रुमाल घालतात.

त्यांतल्या एकाला काकांनी कुकरच्या शिट्ट्या मोजायला लावलं होतं. कुठल्याशा ॲपची आवाज ओळखायची युक्ती होती ती. तीन शिट्ट्या झाल्या की 'गॅस बंद करा' असं सांगायचं. आता शांती नगरात एका बिल्डिंगीच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीतल्या फोडणीत हिंग पडला की नाही ते कळतं. यंत्रानं आमच्या घरची एक शिट्टी, वरच्या मजल्यावरची एक आणि समोरच्यांची एक अशी बेरीज करून हाक दिली. काकूंनी झाकण काढलं तर डाळ टणक. त्या दिवशी काका आमच्याकडे जेवले आणि आमच्या कुकरबद्दल बरीच माहिती देऊन गेले.

पण मला काकांचं खरं कौतुक वाटलं ते वायफायच्या बाबतीत. ही सगळी स्वस्त यंत्रं २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. त्या पट्ट्यात चॅनेल पुष्कळ दिसले तरी एकमेकांना धक्का न लावता चालणारे तीनच: १, ६ आणि ११. आमच्या बिल्डिंगीतले सोळाच्या सोळा राऊटर एकाच चॅनेलवर चढले होते. "संध्याकाळची विरार फास्ट आहे ही! सगळे एकाच डब्यात." काका आठ दिवस घरोघर हिंडले. पहिला मजला १, दुसरा ६, तिसरा ११, चौथा पुन्हा १, असं टाइमटेबल करून त्यांनी ते जिन्यात चिकटवलं. खाली टीप होती: 'परवानगीशिवाय रूळ बदलू नये.' खरं सांगतो, त्या दिवसापासून माझ्या ऑफिसच्या मीटिंगा अडकायच्या थांबल्या. त्यातलं दुःख मी काकांना सांगितलं नाही.

आता टाकी. मीरा-भाईंदरमध्ये पाणी हा विषय किती नाजूक आहे हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पाणी येणार कधी, किती वेळ, दाब किती, टँकर बोलवायचा का, यावर इथे लग्नाच्या तारखा ठरल्या आहेत. नळाचं पाणी खालच्या टाकीत पडतं आणि पंपानं वर चढतं. पंप चालवतो वॉचमन. पूर्वी टाकी भरली की एक गजर बाईच्या आवाजात हिंदीत ओरडायचा, तोही टाकी वाहून जिना भिजल्यावर. काकांनी तीन-चारशे रुपयांची चिप आणली, तिला आवाजाचा सेन्सर जोडला आणि टाकीच्या झाकणाच्या आतून लावला. तो वरून ४० किलोहर्ट्झचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो. पाण्यावर आपटून तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे ते कळतं. हा हिशेब काकांनी जनरल बॉडीपुढे फळ्यावर करून दाखवला होता. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर, भागिले दोन, कारण जाणं आणि येणं. "रिटर्न तिकीट," ते म्हणाले. तेवढं सगळ्यांना समजलं.

श्रावणातला रविवार. पहिल्या मजल्यावर सत्यनारायण, खाली मांडव नाही पण चपलांचा ढीग. ग्रुपवर मेसेज: 'वरची टाकी १०० टक्के. सुप्रभात.' वॉचमननं पंप लावला नाही. शंभर टक्क्यांवर कोण लावेल? आठ वाजता नळांनी खोकायला सुरुवात केली. साडेआठला गुरुजी ताम्हणात पाणी सोडायला म्हणून थांबले ते थांबलेच. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ डोळ्यांत साबण घेऊन जिन्यात आले. ग्रुपवर तरी १०० टक्केच.

वॉचमन काठी घेऊन गच्चीवर गेला. त्यानं टाकीला वरून खालपर्यंत चार ठिकाणी ठोकलं आणि म्हणाला, "खाली है." काकांनी झाकण उचललं. सेन्सरच्या तोंडाशी एक पाल निवांत चिकटून बसली होती. सेन्सरच्या मते पाणी दोन सेंटीमीटरवर आलं होतं.

मला वाटलं काका खचतील. ते वॉचमनच्या काठीकडे बघत होते. "अरे, हासुद्धा आवाजच सोडतो! ठोकतो आणि परत काय येतं ते ऐकतो. तत्त्व एकच आहे!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण माझं यंत्र हिरव्या बाजूला बिघडलं. हे वाईट." नोकरीत असते तर त्यांनी स्वतःवर चौकशी बसवली असती. त्या रात्री त्यांनी प्रोग्रॅम बदलला: दोन तास आकडा हलला नाही तर 'लाल' दाखवायचं. तेव्हापासून कधीकधी मेसेज असा येतो: 'वरची टाकी ६२ टक्के. वॉचमनच्या मते साठ-पासष्ट. सुप्रभात.'

दाराच्या कॅमेरावाल्या बेलनं वेगळा गोंधळ घातला. काका बोरिवलीत भाजी घेत असले तरी फोनवर त्यांना दारातलं माणूस दिसतं, आणि दिसलं की ते बोलतात. कुरियरवाला पोरगा बेल दाबायला हात उचलतो न उचलतो तोच भिंतीतून आवाज: "तिथेच ठेव. चपलांवर नको. डावीकडे." पहिल्या वेळी पाकीट टाकून तो जिन्यानं खाली गेला तो दिसेनासाच झाला. दूधवाला आता सवयीनं बेलला नमस्कार करतो. कचरा न्यायला येणाऱ्या बाई मात्र तिच्याशी व्यवस्थित भांडतात. "ओला-सुका वेगळा केला का, ते त्यात दिसतंय का तुम्हाला?" असं त्यांनी एकदा विचारलं आणि बेल गप्प झाली.

याच कॅमेऱ्यांच्या काळजीतून काकांनी वार्षिक सभा गाजवली. अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी येणारे विषय, यात ते उभे राहिले. "अत्यंत गंभीर बाब आहे. मिराईनं अमेरिका बंद पाडली होती." सेक्रेटरींनी चष्मा काढला. "मीरा रोडनं?" "मिराई. म-र्‍हस्व-इ!" मग समजावलं. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं लाखो घरांतले कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. युक्ती सोपी होती: कारखान्यातून येणारे साठेक पासवर्ड ओळीनं लावून बघायचे. लोकांनी ते बदललेलेच नव्हते. २१ ऑक्टोबरला त्या यंत्रांनी एकदम गर्दी केली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स वगैरे तासन्‌तास ठप्प. "गर्दी करून रस्ता अडवायचा, बाकी काही नाही. स्टेशनबाहेर संध्याकाळी सातला रिक्षा करतात तसं." हे सगळ्यांना लगेच पटलं. ठराव मंजूर झाला: सर्वांनी पासवर्ड बदलावेत. दुसऱ्या दिवशी सोळांपैकी अकरा घरांनी नवा पासवर्ड विसरू नये म्हणून काकांकडे लिहून दिला. ती वही आता काकांच्या कपाटात आहे, आणि कपाटाला सेन्सर आहे.

मी त्यांना हसतो, पण एकदा त्यांच्याबरोबर जुन्नरकडे त्यांच्या गावी गेलो होतो. चुलतभावाचा उसाचा मळा. शेतीला वीज बरेचदा रात्रीची. मोटर चालू करायला उठून विहिरीवर जायचं, आणि त्या भागात उसात बिबट्या असतो, हे तिथलं पोरही सांगेल. काकांनी काही वर्षांपूर्वी भावाला 'नॅनो गणेश' बसवून दिलं. पुण्याच्या संतोष ओस्तवालांचं हे यंत्र: घरून मोबाइल लावायचा, पंपावर वीज आहे की नाही ते कळतं, मोटर चालू करता येते, बंद करता येते. त्याला २००९मध्ये नोकियाचं आंतरराष्ट्रीय बक्षीसही मिळालं. रात्री दीडला भावानं अंथरुणातूनच फोन लावला, कान देऊन ऐकलं, बटण दाबलं आणि कूस बदलली. लांबून विहिरीवरची मोटर घरघरायला लागल्याचं ऐकू आलं. काका अंधारात टक्क जागे होते. कुणाला काही बोलले नाहीत. मुंबईला परतताना अख्ख्या प्रवासात त्यांनी एकाही दुकानाचा सेन्सर दाखवला नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवलं आहे.

आणि कुलूप. बोटाच्या ठशावर उघडणारं, चार पेन्सिल सेलवर चालणारं. काकूंचं बोट ते ओळखतच नाही. भांडी, पीठ, हळद, चाळीस वर्षांची झिजलेली रेघ. "बघा, घरात कोण राबतं ते यंत्रालासुद्धा कळलं," असं त्या ऐकवतात. काकांनी त्यांना आकड्यांचा कोड करून दिला. त्यांच्या लग्नाची तारीख, म्हणजे काकांना आठवण राहावी म्हणून.

एक दिवस सकाळी काका टॉवेल आणि बनियनवर कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आले. वाऱ्यानं दार लागलं. सेल संपलेले. बोट लावलं, अंधार. कोड दाबला, अंधार. काकू देवळात. मी पेपर घ्यायला दार उघडलं तर काका जिन्यात डबा हातात धरून उभे, आणि चेहऱ्यावर, काय सांगू, समाधान!

"बरोबर बाजूला बिघडलं!" ते म्हणाले. "वीज गेली तर बाहेरून बंदच राहिलं पाहिजे. राहिलं!"

"पण काका, साधी चावी असेल ना त्याची?"

"आहे ना. सुरक्षित ठेवली आहे." त्यांनी दाराकडे बोट केलं. "आत."

कुलपाला बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली तर ते तात्पुरतं जागं होतं. तशी बॅटरी काकांच्या मल्टिमीटरमध्ये होती, मल्टिमीटर आत होता. त्यांनी मला वायरिंगची पूर्ण आकृती भिंतीवर बोटानं काढून दाखवली. मी ऐकत होतो, पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. कारण कुलूप बसवलं त्याच संध्याकाळी काकूंनी दुसरी चावी माझ्या बायकोकडे आणून दिली होती. "तांदळाच्या डब्यात ठेव. ह्यांना बोलू नको, उगाच मनाला लागेल." मजल्यावरच्या बाकी दोन घरांच्या चाव्या आमच्याकडे असतात, आमची त्यांच्याकडे, ही तिसरी. काकांचं व्याख्यान सर्किटच्या निगेटिव्ह टोकाशी आलं तेव्हा बायको आतून आली, हात पिठानं पांढरा, आणि तिनं चावी त्यांच्या पुढे धरली.

काकांनी चावी घेतली. तिच्यावरचं तांदळाचं पीठ फुंकरलं. दार उघडलं, आत गेले, पुन्हा बाहेर आले.

"डबा कसला आहे? स्टीलचा की प्लास्टिकचा?"

"प्लास्टिकचा."

"मग हरकत नाही."

संध्याकाळी ते एक पांढरी पेटी आणि एक लोहचुंबक घेऊन आले. झाकण उघडलं की चुंबक दूर जातो, आतली पत्ती सुटते, यांच्या फोनवर निरोप जातो. चावीवर लक्ष राहावं म्हणून. बायकोला 'नको' म्हणायची सवड मिळाली नाही, आणि काकू दारात उभ्या राहून डोळ्यांनी तिची माफी मागत होत्या.

परवा माझा मामा अचानक माणसं घेऊन आला. आत स्वयंपाकघरात भाताची जुळवाजुळव चालली होती, तेवढ्यात माझा फोन वाजला. काकांचा मेसेज: 'डबा आज तिसऱ्यांदा उघडला. पाहुणे?'

मी उत्तर टाइप करत होतो, तोवर बेल वाजली. दारात काकू, हातात आमटीचं पातेलं.